मूर्तीचा फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या वेरूळ, औंढा, होट्टल, निलंगा, धारासूर इथल्या जुन्या लेण्यांत आणि मंदिरांत कॅमेरा घेऊन जाणारी हौशी मंडळी आणि आपल्या शिल्पांचे फोटो प्रदर्शनाला पाठवू पाहणारे तरुण शिल्पकार फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तांत्रिक गोष्टी सरळ सांगितल्या आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

मूर्ती तीच, दगड तोच. मग फोटो काढणारा बदलला की मूर्ती वेगळी कशी दिसते?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धावर गाइड मंडळी दिवा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि मग समोरून धरून दाखवतात. एका बाजूने चेहरा खिन्न वाटतो, दुसऱ्या बाजूने हसरा, समोरून ध्यानात बुडालेला. हे तिन्ही भाव मुद्दाम कोरलेत असं ते सांगतात. मुद्दाम की आपोआप, हा वाद बाजूला ठेवू. ओठांच्या कोपऱ्यातली सावली जरा सरकली की सगळा चेहरा बदलतो, हे तिथे डोळ्यांदेखत घडतं. लेण्यात उभ्या माणसाला तिन्ही भाव मिळतात, फोटोत मात्र एकच उरतो. तो पुस्तकात छापला गेला की न गेलेले लोक त्यालाच मूर्तीचा भाव समजतात.

उजेड, कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि चौकट या चार गोष्टी फोटो काढणाऱ्याच्या हातात असतात. शिल्पकारानेही उजेड कुठून येणार आणि माणूस कुठे उभा राहणार याचा अंदाज बांधूनच छिन्नी चालवलेली असते. तो अंदाज ओळखून त्याच्या बाजूने जायचं की जाणूनबुजून विरुद्ध, ते तुम्ही ठरवा. माझी हरकत फक्त तिसऱ्या प्रकाराला आहे: काहीच न ठरवता, जिथे उभे होतो तिथून खटका दाबणं.

निव्वळ नोंदीचा, कुणाचीही छाप नसलेला फोटो असतो का?

त्याच्या जवळ जाता येतं, तिथे पोचता येत नाही. पुरातत्त्वाच्या कामात मूर्ती समोरून, मध्यावर कॅमेरा धरून, सपाट उजेडात आणि शेजारी मोजपट्टी ठेवून टिपतात. उंची-रुंदी, आयुधं, झीज, तडे नोंदवायला तोच फोटो लागतो. पण सपाट उजेड हीसुद्धा एक निवडच आहे. त्या उजेडात होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरची सुरसुंदरी, म्हणजे देखण्या स्त्रीची कोरीव मूर्ती, आणि तिच्या मागची भिंत एकाच पातळीवर येतात.

ही अडचण जुन्या लोकांनाही जाणवली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं नकलून घ्यायला आला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे तो कॅमेऱ्याकडे वळला होता आणि त्याने अजिंठा-वेरूळचे स्टिरिओ फोटो काढले. यात किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी लावतात आणि खास भिंगातून बघितले की खोली जाणवते. साध्या फोटोत दगडाची खोली मरते, यावरचा हा त्या काळचा इलाज होता. नंतर निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही वेरूळ टिपलं. नेमणूक सरकारी असो की दरबारी, नजर ज्याची त्याची.

मूर्ती समोरूनच टिपावी का?

हाइनरिश वोल्फलिन या स्विस कला-इतिहासकाराने १८९६ च्या सुमारास याच प्रश्नावर लेख लिहिले. छायाचित्रकार वाटेल त्या कोनातून पुतळे टिपतात आणि शिल्पकाराने नेमलेली मुख्य बाजू हरवते, अशी त्याची तक्रार होती. कोनाड्यात बसवलेल्या, समोरून बघायच्या मूर्तींना हे बरोबर लागू पडतं. आपल्याकडच्या देवकोष्ठातल्या मूर्ती, लेण्यांतले बुद्ध, गाभाऱ्यासमोरचे द्वारपाल यांचे फोटो आधी समोरून घ्याच.

पण मंदिराच्या बाह्यभिंतीवरच्या मूर्तींना तो नियम अपुरा पडतो. तिथे माणूस चालत असतो. प्रदक्षिणा घालताना मंदिर उजव्या हाताला राहतं, म्हणून भिंतीवरची प्रत्येक मूर्ती आधी तिच्या डाव्या बाजूने दिसते, मग समोर येते, मग मागे पडते. निलंग्याच्या नीलकंठेश्वराला फिरताना हे करून बघा. भिंतीला इतके कोन काढलेत की एक सुरसुंदरी संपते न संपते तोच पुढची कोपऱ्याआडून डोकावते. अशा मूर्तीचे माझ्या मते निदान तीन फोटो हवेत आणि ते चालण्याच्या क्रमानेच दाखवावेत. फक्त समोरचा फोटो दाखवला तर कमरेतला बाक दिसतो, तिचं वळत जाणं दिसत नाही.

उजेड कोणत्या वेळचा चांगला?

हे एका ओळीत सांगता येत नाही, कारण उत्तर भिंतीच्या दिशेवर आहे.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी तिथे पोचलात तर दर्शनी भाग डोंगराच्या सावलीत असतो. गर्दी कमी म्हणून लोक सकाळी जातात आणि मग फोटो मिळमिळीत आले म्हणून कुरकुरतात. दुपार कलायला लागली की ऊन आत शिरतं. आधी ओसरीतल्या खांबांवर तिरपं पडतं, मग जमिनीवर उतरतं आणि जमिनीवरून उसळून छताकडे जातं. दहाव्या लेण्यातल्या, विश्वकर्मा म्हणतात त्या चैत्यात (बौद्ध प्रार्थनागृहात) मार्चच्या सुमारास मावळतीची किरणं दर्शनी खिडकीतून थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर येतात. बाकी वर्षभर तिथे उसळलेला मऊ उजेड असतो आणि छताच्या दगडी फासळ्यांसाठी मला तोच आवडतो.

उसळलेल्या उजेडाची एक खोड लक्षात ठेवा. तो खालून येतो. उजेड वरून येणार असं आपले डोळे धरून चालतात. त्यामुळे खालून उजळलेलं उथळ कोरीवकाम फोटोत कधी कधी उलटं वाटतं, म्हणजे उठावाचं आत गेलेलं आणि आत कोरलेली अक्षरं वर आलेली. शिलालेखांच्या फोटोंत हा घोळ हमखास होतो.

मोकळ्यावरच्या मंदिरांना सकाळी आणि संध्याकाळी भिंतीला घासत जाणारं तिरपं ऊन घ्या. उत्तरेकडच्या भिंतीवर हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. तिथे उन्हाळ्याची सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी लागते, नाहीतर पावसाळी ढगाळ दिवस. मराठवाड्यातल्या मे महिन्यातल्या भर दुपारी डोक्यावरून ऊन पडतं तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे होतात आणि कुठलीही देवी खोल गेलेल्या डोळ्यांच्या उग्र चामुंडेसारखी दिसते. त्या वेळी पाण्याची बाटली घेऊन सभामंडपात बसा.

अंधारात फ्लॅश वापरला तर काय बिघडतं?

चित्रं असलेल्या लेण्यांत तो वर्ज्यच आहे आणि अजिंठ्याचे रखवालदार लगेच हटकतात. पण फ्लॅशला बंदी नसती तरी मी तो शिल्पासाठी वापरला नसता.

कैलास लेण्यातलं, म्हणजे वेरूळच्या १६ व्या लेण्यातलं रावणाचं शिल्प बघा. वर शिव-पार्वती बसलेत. डोंगर हलल्यामुळे पार्वती शिवाकडे झुकली आहे, तिच्यामागे एक दासी घाबरून पळते आहे, आणि शिव पायाच्या दाबाने सगळं स्थिर करतो आहे. खाली पोकळीत रावण अनेक हात पसरून डोंगर उचलतो आहे. त्याचं शरीर मागच्या दगडापासून जवळजवळ सुटं कोरलंय. वरची माणसं उजेडात आणि रावण खोल अंधारात, अशी ती मांडणी आहे. खालचे हात आधी दिसतच नाहीत. डोळा सरावला की एकेक बाहेर येतो आणि डोंगराखाली कुणीतरी आहे हे कळतं. समोरून फ्लॅश मारला की रावण पार्वतीइतकाच स्वच्छ दिसायला लागतो. माहिती वाढते आणि शिल्पातली धास्ती जाते. तिथली सावलीसुद्धा शिल्पकाराने कोरलेलीच आहे.

मग त्या सावलीत काहीच दिसू नये का? दिसावं, पण पुसट. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते प्रमाण) पार्वतीच्या चेहऱ्यावर धरा आणि नंतर संगणकावर सावल्या थोड्या उघडा. रावणाच्या खांद्याची गोलाई कळेल इतपत पुरे.

काळा पाषाण फोटोत राखाडी, धुवट का येतो?

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी मानतो. आपला बसाल्ट त्याहून गडद आहे. चौकट दगडाने भरली की कॅमेरा उगाच जास्त उजेड घेतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये टिपा. औंढा नागनाथला उलट गंमत होते. खालचा कोरीव भाग काळा आणि वरचं नंतर बांधलेलं शिखर पांढरं. दोन्ही एका चौकटीत घेतलं तर एकाचा बळी जातोच. मूर्ती हव्या असतील तर शिखर सोडा.

लेन्स कोणती? किती अंतरावरून?

दूर उभे राहा आणि लांब लेन्स वापरा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) ८५ ते १३५ मिमी मूर्तींना बरी पडते. २४ मिमीने जवळ जाऊन काढलं की नाक, पोट, पुढे आलेला गुडघा फुगतात आणि कान मागे पळतात. लेण्यांत मागे सरकायला जागा नसते तेव्हा इलाज नाही. अशा वेळी निदान कॅमेरा तिरका करू नका. लेन्सचं छिद्रमान (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ ठेवा, म्हणजे नाकापासून मुकुटापर्यंत सगळं नेमकं येतं.

उंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे शैली सगळ्यात जास्त लुडबुड करते. साधा नियम असा की कॅमेरा मूर्तीच्या मध्यावर असावा. पण डोक्याच्या वर बसवलेली मूर्ती खालून बघण्यासाठीच घडवलेली असते. बरेचदा डोकं आणि छाती जरा मोठी, किंचित पुढे झुकलेली असते. खालून बघितलं की ते प्रमाणात येतं. काठीवर कॅमेरा चढवून तिचा डोळ्याला डोळा भिडवून फोटो काढला तर ती बोजड दिसते आणि मग लोक म्हणतात, कारागीर कच्चा होता. चौकातल्या चौथऱ्यावरच्या पुतळ्यांचंही तेच.

मोबाइलने चांगले फोटो येतात का?

येतात. मुख्य लेन्सऐवजी दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरा, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस पक्का करा आणि ब्राइटनेस खाली ओढा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मूर्तीच्या बोटांमधली जागा धूसर करतो आणि कधी आयुधच खाऊन टाकतो. एचडीआर ही उजळ आणि गडद भाग जुळवणारी सोय आपण होऊन सावल्या भरते. रावणाच्या शिल्पातली सावली घालवू नका असं वर लिहिलं, मोबाइल नेमकं तेच न विचारता करतो.

कृष्णधवल की रंगीत?

कृष्णधवल फोटोत दगड भारदस्त दिसतो, छिन्नीच्या खुणा उठतात, भिंतीवरचे शेवाळाचे आणि पाण्याच्या ओघळांचे डाग नजरेत खुपत नाहीत. म्हणून सगळे तिकडे धावतात. मीही धावतो.

पण कैलास लेणं मुळात काळं नव्हतं. त्यावर गिलावा होता, रंग होता आणि त्याला रंगमहाल म्हणत. गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही छताला आणि कोपऱ्यांत दिसतात. आपण ज्याला कातळाचं सौंदर्य म्हणतो ते बरंचसं गिलावा निघून उघडं पडलेलं आतलं अंग आहे, आणि कृष्णधवल फोटो त्या गैरसमजावर शिक्का मारतो. म्हणून माझा पायंडा असा: जिथे रंगाचा कण शिल्लक आहे तिथे निदान एक रंगीत फोटो घ्यायचाच. शेंदूर लावलेल्या मूर्तीचा कृष्णधवल फोटो तर मला सरळ खोटा वाटतो. तिच्यात आज जे जिवंत आहे तेच काढून टाकल्यासारखं होतं.

गावातल्या वीरगळांचे फोटो सपाट येतात. काय करू?

पारावर, वेशीजवळ, मारुतीच्या देवळामागे टेकवून ठेवलेले वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, हे मराठवाड्यातलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित शिल्प आहे. उठाव जेमतेम बोटभर, त्यावर वर्षानुवर्षांचा शेंदूर नाहीतर ऑइलपेंट. भर उन्हात तिथे नुसता एक उभा दगड दिसतो.

त्याला बाजूचा उजेड द्या. सूर्य वीरगळाच्या अगदी कडेला येईल ती वेळ शोधा. उजेड भिंतीला खरवडत गेल्यासारखा दगडाच्या पृष्ठभागावरून गेला पाहिजे. त्या अर्ध्या तासात खालच्या चौकटीतली लढाई उठून येते. आधी ढालीचा गोल दिसतो, मग तलवारीची तिरपी रेघ, मग खाली पडलेला माणूस किंवा हाकलून नेली जाणारी गुरं. मधल्या चौकटीत वीराला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्रकोर बहुतेक वेळा झिजलेली असते. ती फक्त याच उजेडात दिसते.

वीरगळ झाडाच्या दाट सावलीत असेल तर रात्री टॉर्च घेऊन जा. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), आठ-दहा सेकंदांचं एक्स्पोजर, आणि टॉर्च दगडाच्या बाजूने, अगदी चिकटून, हळू फिरवत न्यायचा. समोरून मारायचा नाही. गावात आधी कुणाला तरी सांगून ठेवा. रात्री दगडाभोवती टॉर्च घेऊन फिरणारी अनोळखी माणसं म्हणजे गुप्तधन शोधणारेच, असा सरळ हिशेब गावात असतो, आणि तो काही अगदीच बिनबुडाचा नाही.

कोरीवकाम उठून दिसावं म्हणून पाणी, तेल, खडू किंवा पीठ लावलं तर?

नाही. पाणीसुद्धा नको. दगडाला लागलेलं सहज निघत नाही, आणि खडू भरताना कुठे रेघ आहे आणि कुठे तडा, हे तुम्ही ठरवलेलं असतं. पुढचा अभ्यासक तुमचा खडू वाचतो.

मूर्ती पूजेत आहे. फोटो काढावा का?

विचारून काढा. गुरवमामांना किंवा पुजारीकाकांना आधी नमस्कार करा, कुठून आलात ते सांगा, कॅमेरा नंतर पिशवीतून काढा. नाही म्हणाले तर नाही. अभिषेक चालू असताना वस्त्रं, हार बाजूला करायला सांगू नये. मूर्तीचा खालचा भाग दिसत नाही ही तुमची अडचण आहे, देवाची नाही. सकाळी पहिल्या पूजेआधी बोलावलं तर समजा तुमचं काम झालं. पुढच्या खेपेला त्या फोटोची एक चांगली छापील प्रत नेऊन द्या.

हारफुलांसकट काढलेला फोटो कमी दर्जाचा असं काही जण मानतात. मला ते पटत नाही. मूर्ती आज लोक कशी बघतात, याची नोंद त्याच फोटोत असते.

परवानगी, तिकाटणं, ड्रोन यांचं काय?

वेरूळ आणि अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. स्वतःसाठी हातात धरून फोटो काढायला अडचण येत नाही, तिकाटणं लावायला आणि व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. बाहेरगावचे पाहुणे घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी बघावं. तिकाटणं नसेल तर खांबाला पाठ टेकवा, कोपर पोटाशी धरा, श्वास सोडून खटका दाबा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे चालतात, हललेला फोटो चालत नाही.

आजूबाजूचं कापून फक्त मुख्य मूर्ती ठेवली तर?

औरंगाबाद लेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्ध बसलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून, हात जोडून बसलेत. जवळजवळ माणसाएवढे. तुम्ही आत शिरता तेव्हा त्यांच्यातलेच एक होता. फक्त बुद्धाचा फोटो घेतला तर तो कुठल्याही लेण्यातला बुद्ध होतो. फक्त उपासकांचा घेतला तर केशरचना आणि दागिन्यांचा सुंदर फोटो मिळतो, पण ही माणसं कुणाकडे बघतायत ते जातं. दोन्ही घ्या, आणि तिसरा असा घ्या की उपासकांच्या पाठीमागून, खांद्यांच्या उंचीवरून बुद्ध दिसेल. कॅमेरा खाली न्यावा लागेल. गुडघे टेकावे लागले तर तिथे ते वावगंही दिसणार नाही.

सुरसुंदरींचेच फोटो जास्त का दिसतात?

कारण त्या बघणाऱ्याला आवडतात आणि फोटोंना पसंती मिळते. धारासूर, होट्टल, निलंगा यांचं नाव निघालं की आरशात बघणारी, पायातला काटा काढणारी अशाच मूर्ती डोळ्यांपुढे येतात. त्याच भिंतींवर भैरव आहे, नृत्यगणेश आहे, शिवाची नाना रूपं आहेत, खालच्या थरांत हत्ती आणि नक्षी आहे. ते कुणी टिपत नाही. इथे छायाचित्रकाराच्या शैलीपेक्षा त्याची निवड जास्त बदल घडवते. एका मंदिराचे दहा वर्षं फक्त सुरसुंदरींचे फोटो फिरले की ते मंदिर सुरसुंदरींचंच होऊन बसतं.

भंगलेल्या मूर्तींचंही असंच. तुटलेलं नाक, अर्धा हात, मागे उगवलेलं रोपटं, संध्याकाळचा पिवळा उजेड. फोटो मनाला भिडतो हे खरं, पण त्यात मूर्तीपेक्षा तिची पडझड जास्त असते. असा फोटो काढा, त्याच्यासोबत न तुटलेल्या भागाचाही एक जवळून काढा. कमरपट्ट्याच्या लोंबत्या साखळ्या, नखं, केसांच्या बटा, यांत त्या कारागिराचा हात अजून शाबूत असतो.

मी शिल्पकार आहे. माझ्या कामाचे फोटो मी स्वतः काढू की छायाचित्रकाराला देऊ?

दोन्ही बाजूंना मोठी उदाहरणं आहेत. रोमानियन शिल्पकार ब्रांकुशीला दुसऱ्यांनी काढलेले आपल्या शिल्पांचे फोटो पटत नसत. तो स्वतः काढायचा, स्वतः डार्करूममध्ये धुवायचा. चकचकीत ब्राँझवर उजेडाचा भडका उडालेला, कुठे फोकस हललेला, असे त्याचे फोटो नेमस्त माणसाला चुकलेले वाटतील. त्याला शिल्पातून जे हवं होतं ते मात्र त्यातच आहे.

उलट बाजूला फ्रेंच शिल्पकार रोदँ. त्याने केलेला लेखक बाल्झाकचा पुतळा १८९८ मध्ये लोकांपुढे आला तेव्हा टिंगल झाली आणि ज्या संस्थेने काम दिलं होतं तिने तो नाकारला. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने तोच पुतळा पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे चांदण्यात, लांब एक्स्पोजर देऊन टिपला. दिवसा ज्या पुतळ्याला लोक हसले तो रात्री आकाशापुढे उभा असलेला उंच काळा आकार झाला. स्टायकेनने पुतळ्याला हात लावला नव्हता. रोदँ त्या फोटोंवर खूश होता, हे महत्त्वाचं.

माझा सल्ला: नोंदीचे फोटो स्वतः काढायला शिका, कारण स्पर्धेचे अर्ज ऐन वेळी भरायचे असतात. महत्त्वाच्या कामासाठी एखाद्या चांगल्या छायाचित्रकाराला बोलवा आणि त्याला पहिला तासभर काहीही सांगू नका. त्याला कुठली बाजू दिसते ते बघा. तुम्हाला माहीत नसलेली बाजू निघाली तर पुढच्या शिल्पाला उपयोगी पडेल.

माती, फायबर, ब्राँझ यांना उजेड वेगवेगळा लागतो का?

लागतो. शाडूचं काम ओलं असतानाच टिपा, सुकल्यावर रंग फिका पडतो आणि बोटांच्या खुणा मरतात. खिडकीचा एका बाजूचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट, एवढ्यावर भागतं. ब्राँझ आरशासारखं वागतं. त्याला उजेड दाखवायचा नसतो, उजळलेली मोठी पांढरी चादर दाखवायची असते. चादरीची कड वक्रावर जिथे दिसेल तिथे आकार उमटतो. पोलरायझर हा चकाकी कमी करणारा फिल्टर उघड्या धातूच्या चकाकीवर फारसा चालत नाही, त्यावर पैसे घालू नका. फायबरला वरून ब्राँझचा रंग दिला असेल तर जवळचा फोटो लगेच चुगली करतो. फोटोखाली फायबर असंच लिहा.

एडिटिंग किती करावं?

रंग सुधारा, कडा सरळ करा, मागची विजेची तार खुपत असेल तर जागा बदलून काढा. मूर्तीच्या अंगावर हात चालवू नका. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये धूसर चेहरा तीक्ष्ण करून मिळतो. ते डोळ्यांच्या पापण्या, ओठांच्या कडा स्वतःच्या मनाने भरतात. झिजलेल्या मूर्तीला असं केलं तर हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या नावावर आजच्या यंत्राचं काम जातं.

हक्क कोणाचा? फोटो छापायला कुणाला विचारायचं?

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि छापणं याला १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातल्या कलम ५२ ची सूट आहे. प्रदर्शनात तात्पुरतं मांडलेलं शिल्प त्यात बसत नाही, तिथे शिल्पकाराची परवानगी घ्या. फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा. पण शिल्पकाराने पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तो शिल्पकार. भांडणं इथेच होतात, म्हणून दोन ओळी आधीच लिहून घ्या.

फोटोखाली काय लिहावं?

मूर्ती कोणाची, मंदिर किंवा लेणं कोणतं, कुठल्या दिशेची भिंत, महिना आणि वेळ, उजेड नैसर्गिक की टॉर्चचा. संग्रहालयातली वस्तू असेल तर ती मुळात कुठली तेही. पितळखोऱ्याच्या लेण्यांतला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कन्नडजवळच्या त्या दरीतून तो आला, हे फोटोखाली नसेल तर बघणाऱ्याला कसं कळणार? त्या यक्षावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवल्याचं कोरलेलं आहे. इतकं जुनं शिल्प आणि घडवणाऱ्याचं नाव शिल्लक, हे आपल्याकडे क्वचित घडतं. फोटोखाली फक्त छायाचित्रकाराचं नाव टाकून मोकळं होणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

सापडलेल्या सुट्या मूर्तीचं नेमकं ठिकाण टाकावं का?

शेतात, नदीकाठी, पडक्या देवळात सुटी पडलेली मूर्ती असेल तर टाकू नये. फोटोतून लोकेशनची माहितीही काढून टाका, मोबाइल ती आपोआप जोडतो. मूर्तीचोर तुमच्याइतकीच मेहनत घेतात आणि त्यांनाही इंटरनेट आहे. सरपंचांना आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला फोटोसह कळवा. सगळ्यांसाठी टाकताना जिल्ह्याचं नाव पुरेसं आहे. अभ्यासकाला अधिक हवं असेल तर तो विचारेल, आणि तो कोण आहे हे बघून तुम्ही सांगाल.